हजारांतला एक

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा प्रथेप्रमाणे मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेह आणि दृष्टी यांपैकी एखादा विषय घ्यावा, असे मी मनाशी ठरवले होते. नेत्रवैद्याकडून वाचकांची तेवढीच अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. परंतु गेल्या नाताळच्या सुट्टीत इंग्लंडहून आमचा नातू इंदूरला आला आणि त्याने मला एक जुनी दूरचित्रवाणी-कथा दाखवली. तेव्हापासून एक जुने ओझे मनात पुन्हा जागे झाले आहे. ते आपल्या बंधुभगिनींपुढे ठेवावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

नातू अकरा वर्षांचा आहे. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका त्याच्या विशेष आवडीची. नावात ‘डॉक्टर’ असला, तरी तिचा नायक आपल्या व्यवसायातला नव्हे. काळातून आणि अवकाशातून भ्रमण करणारा तो एक परग्रहवासी आहे. १९६३ सालच्या नोव्हेंबरात ही मालिका सुरू झाली आणि इंग्लंडात तिच्यावर तीन पिढ्या वाढल्या. नातवाने लावलेली कथा होती ‘द टेन्थ प्लॅनेट’, म्हणजे ‘दहावा ग्रह’. १९६६ सालच्या ऑक्टोबरात, ८ तारखेपासून चार शनिवारी ती चार भागांत दाखवली गेली. तेव्हा प्लूटो धरून ग्रह नऊ होते, म्हणून नवा सापडलेला तो दहावा! २००६ साली प्लूटोची त्या पंक्तीतून गच्छंती झाली, हे नातवाने मला आवर्जून ऐकवले.

या कथेत ‘सायबरमॅन’ नावाचे खलनायक पहिल्यांदा अवतरले. पुढे ते इतके गाजले की, आजही इंग्लंडातली मुले त्यांच्या चालीची नक्कल करतात. कथा संपल्यावर नातवाने माझ्याकडे निरखून पाहिले आणि बोटांवर मोजणी सुरू केली. “आजोबा, तुमच्या दोन्ही डोळ्यांत प्लॅस्टिकची भिंगं आहेत, छातीत पेसमेकर आहे, दोन दात स्क्रूचे आहेत. म्हणजे तुम्ही थोडे सायबरमॅन आहात!” घरातले सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र बराच वेळ झोप आली नाही. कारण मी थोडा सायबरमॅन आहे, असे मलाही वाटत होते. परंतु ते भिंगांमुळे किंवा पेसमेकरमुळे नव्हे.

प्रथम कथेविषयी सांगतो. काळ १९८६ चा, म्हणजे त्या वेळच्या प्रेक्षकांच्या दृष्टीने वीस वर्षे पुढचा. स्थळ दक्षिण ध्रुवावरचे एक अवकाश-नियंत्रण केंद्र. आकाशात अचानक पृथ्वीचा जुळा भाऊ शोभेल असा एक ग्रह दिसू लागतो. त्याचे नाव मोंडास. फार पूर्वी तो सूर्यमालेच्या बाहेर भरकटला होता आणि आता पृथ्वीची शक्ती शोषून घेण्यासाठी परतला आहे. बर्फाच्या वादळातून त्याचे रहिवासी केंद्रात शिरतात. एके काळी ते आपल्यासारखीच माणसे होती. त्यांचा वंश दुर्बळ होऊ लागला, आयुर्मान घटू लागले, तेव्हा त्यांच्या शास्त्रज्ञांनी शरीराचे सुटे भाग तयार केले. आधी एक अवयव बदलला, मग दुसरा. करता करता जवळजवळ सारे शरीर बदलले. शेवटी भावना हीदेखील एक दुर्बलताच, असे ठरवून तीही काढून टाकली. आता त्यांना रोग नाही, थंडी-उष्णतेची बाधा नाही आणि कशाचे दुःखही नाही.

डॉक्टर वाचकांच्या लक्षात आले असेल की, या खलनायकांचा जन्म युद्धातून किंवा द्वेषातून झालेला नाही. तो उपचारातून झाला आहे. पडद्यावरचे त्यांचे रूपही तसेच आहे. पुढच्या काळात त्यांना चकचकीत धातूचे मुखवटे मिळाले. या पहिल्या कथेत मात्र त्यांचा चेहरा कापडात गुंडाळलेला आहे, हात माणसाचे आहेत, उघडे आहेत आणि छातीवर एक अवजड यंत्र बांधलेले आहे. बोलताना तोंड नुसते उघडते, ओठ हलत नाहीत आणि आतून भलत्याच ठिकाणी आघात देणारा एक हेलकावे घेणारा स्वर येतो. मुलांना त्यात राक्षस दिसला असेल. मला मात्र पट्ट्यांत गुंडाळलेला, यंत्राला जोडलेला आणि अतिदक्षता विभागातून उठून चालत आलेला रुग्ण दिसला.

हे असे का झाले, याचा उलगडा कथाकाराच्या परिचयात होतो. पटकथा-संपादक जेरी डेव्हिस यांच्यासह ही कथा रचणारे किट पेडलर (१९२७–१९८१) स्वतः डॉक्टर होते आणि तेही डोळ्यांच्या क्षेत्रातले! लंडन विद्यापीठाच्या नेत्रविज्ञान संस्थेत ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विभागाचे प्रमुख होते आणि दृष्टिपटलाच्या रचनेवर संशोधन करत होते. वैद्यक माणसाला माणूसपणापासून दूर तर नेणार नाही ना, अशी धास्ती त्यांच्या मनात होती. ज्याच्या शरीराचे इतके भाग बदलले आहेत की, आपण माणूस आहोत की यंत्र हेच त्याला कळेनासे झाले आहे, असा एक जीव त्यांनी कल्पिला. त्यातून सायबरमॅन आला. पुढे १९७० मध्ये याच जोडीने विज्ञानाच्या बेजबाबदार वापरावर ‘डूमवॉच’ ही मालिका बीबीसीला दिली.

पेडलर यांच्या धास्तीला त्या काळाची पार्श्वभूमी होती. १९५४ साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांपैकी एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. १९५८ साली स्टॉकहोममध्ये पहिला पेसमेकर माणसाच्या शरीरात रोवला गेला. १९६० साली हृदयाची कृत्रिम झडप आली. १९६२ साली इंग्लंडातच जॉन चार्नली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्याला आजचे रूप दिले. ‘दहावा ग्रह’ प्रक्षेपित झाल्यावर चौदा महिन्यांच्या आत, डिसेंबर १९६७ मध्ये, केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले आणि लागलीच फेब्रुवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तोच प्रयत्न केला. सुट्या भागांचे युग उंबरठ्यावर उभे होते. हे सारे कोठे थांबणार, असा प्रश्न एका विचारी डॉक्टरला पडला, यात नवल नाही.

आता सहा दशकांनंतर पेडलर यांची भीती कितपत खरी ठरली? माझे मत स्पष्ट आहे. सुट्या भागांपुरती ती खोटी ठरली. कृत्रिम अवयवाने माणूस कमी होत नाही. बहुधा तो अधिक माणसांत येतो. ज्या आजीबाई गुडघ्यांमुळे चार वर्षे जिना उतरल्या नव्हत्या, त्या सांधे बदलल्यावर राजवाड्यापर्यंत पायी जाऊन अहिल्योत्सवाची पालखी पाहून येतात. मोतीबिंदूने घराच्या कोपऱ्यात बसलेला म्हातारा भिंग बसवल्यावर नातवंडांची तोंडे ओळखतो.

त्या पहिल्या पेसमेकरचीच हकिगत पाहा. रुग्णाचे नाव आर्ने लार्सन. हृदयाचे ठोके थांबून त्यांना वारंवार झटके येत. शरीरात ठेवता येईल असे यंत्र तेव्हा तयार नव्हते. परंतु त्यांची पत्नी एल्से-मारी स्वस्थ बसली नाही. शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांच्या ती पाठीच लागली. यंत्र तयार नाही, हे उत्तर तिने स्वीकारले नाही. अखेर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी ती शस्त्रक्रिया झाली. योगायोग असा की, बरोबर आठ वर्षांनी त्याच तारखेला सायबरमॅन प्रथम पडद्यावर आले. लार्सन यांचे पहिले यंत्र काही तासच चालले. पुढे त्यांना वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली आणि ते २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. आपल्या शल्यविशारदाहून आणि अभियंत्याहूनही ते अधिक काळ जगले.

या हकिगतीतच पेडलर यांच्या भीतीचे उत्तर आहे, असे मला वाटते. माझ्या छातीत आज जे यंत्र टिकटिकते आहे, त्याच्या मुळाशी एका बाईची तगमग आहे. मोंडासच्या शास्त्रज्ञांनी नेमकी तीच तगमग दुर्बलता म्हणून काढून टाकली होती. म्हणजे सायबरमॅनच्या देशात नवा पेसमेकर कधीच निघणार नाही. यंत्र तयार नाही, हे उत्तर तेथे सर्वांना पटेल आणि विषय संपेल. कृत्रिम अवयव हे करुणेचे अपत्य आहे. करुणा गेली आणि अवयव उरले, तर जे शिल्लक राहते त्याला वैद्यक म्हणता येणार नाही.

तेव्हा सायबरमॅन रुग्णाच्या खाटेवर शोधू नये. मग कोठे शोधावा? कथेतला एक प्रसंग त्याचे उत्तर देतो आणि त्याच प्रसंगाने माझी झोप उडवली.

मोंडासच्या ओढीने दोन अंतराळवीरांचे यान भरकटले आहे. केंद्रातले लोक त्यांना वाचवण्यासाठी धडपडत आहेत. सायबरमॅन शांतपणे सांगतो की, याचा उपयोग नाही, ते परत येऊ शकणार नाहीत. नायकाबरोबर आलेली पॉली नावाची तरुणी संतापते. ती माणसे मरणार आहेत, याचे तुम्हांला काहीच कसे वाटत नाही, असे ती विचारते. यावर सायबरमॅन जे बोलतो, त्याचा आशय असा : तुमच्या जगात सर्वत्र माणसे सतत मरत असतात, त्यांच्याविषयी तर तुम्हांला काही वाटत नाही, मग या दोघांविषयीच का?

वाचकहो, हा युक्तिवाद बिनतोड आहे. त्यात क्रौर्य नाही, खोटेपणा नाही, आवाज चढलेला नाही. आकडेवारीच्या दृष्टीने तो अचूक आहे. आणि हेच वाक्य, निराळ्या शब्दांत, मी एकदा उच्चारलेले आहे.

गोष्ट १९९४ सालची. रामबागेतील एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे मोतीबिंदूसाठी आले. लहानपणी विटी लागून त्यांचा डावा डोळा गेला होता. उजव्यावर आयुष्य काढले, त्यावरच मुले शिकवली. त्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया मी केली. ती निर्वेध झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तारीख त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, ठणकू लागला, आत पू दिसला. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला होता. जे जे करायला हवे ते ते मी केले : डोळ्याच्या आत औषध टोचले, दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवले. डोळा जागेवर राहिला. दृष्टी गेली. उजेड आहे की अंधार, एवढेच कळत असे.

त्यांची पत्नी माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून असे. मी त्यांना आत बोलावले आणि अत्यंत सभ्य शब्दांत समजावून सांगितले. सारी काळजी घेऊनही, जगातल्या उत्तमोत्तम रुग्णालयांतही, हजारांत एखाद्याच्या बाबतीत असे घडते, असे मी म्हणालो. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या हिशोबात हजारांतला एक असेल, डॉक्टरसाहेब. ह्यांना तर डोळाच एक होता.”

यात आरोप नव्हता. त्यांनी फक्त माझा छेद दुरुस्त केला होता. मी एक भागिले हजार सांगत होतो आणि त्या एक भागिले एक सांगत होत्या. दोन्ही गणिते बरोबर होती. पण बाकावर बसलेल्या बाईशी बोलताना त्यांतले कोणते सांगायचे, हे मला समजले नव्हते.

मी याहून चुकीचे जे केले ते पुढेच. तपासणीला ती दोघे येत, तेव्हा त्या बाकावरून जावे लागू नये म्हणून मी मागच्या दाराने खोलीत शिरू लागलो. कागदपत्रे तपासत असे, औषध लिहून देत असे, आवाज शांत ठेवत असे. त्यांचे घर माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होते. तेथे मी एकदाही गेलो नाही. सहा वर्षांनी शिक्षक वारल्याचे कळले, तेव्हा मात्र गेलो. काकूंनी चहा ठेवला. जाताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “ते कधी तुम्हांला बोल लावत नसत. नशिबाचा भाग म्हणायचे. पण डॉक्टर एकदा घरी आले असते तर बरं वाटलं असतं, असं मात्र म्हणायचे.”

तेव्हा बिघाड माझ्या शस्त्रक्रियेत नव्हता, औषधयोजनेतही नव्हता. मी मागचे दार शोधले, त्या ठिकाणी होता. त्या काळात माझ्या डोळ्यांत भिंगे नव्हती आणि छातीत यंत्रही नव्हते. सर्व अवयव माझे, मूळचे होते.

येथे आपले तरुण सहकारी एक आक्षेप घेतील आणि तो मला मान्य आहे. ते म्हणतील, “सर, प्रत्येक रुग्णाचे दुःख मनाला लावून घेतले, तर हात थरथरेल. सकाळी एक रुग्ण दगावला तरी दुपारी पाच शस्त्रक्रिया करायच्या असतात.” खरे आहे. भावनेच्या अतिरेकाचे चित्र त्याच कथेत आहे. ध्रुवावरच्या केंद्राचा प्रमुख जनरल कटलर याचा मुलगा अवकाशात अडकतो. त्याला वाचवण्यासाठी हा बाप मोंडासवर महाभयंकर बॉम्ब सोडायला निघतो. त्याच्या किरणोत्साराने पृथ्वीवरील असंख्य लोक मरतील, असे शास्त्रज्ञ बजावतात, पण तो ऐकत नाही. एकीकडे सायबरमॅन, ज्याला कोणाचेच काही वाटत नाही. दुसरीकडे जनरल, ज्याला एकाचेच वाटते. आपण आपल्या पोटच्या मुलावर शस्त्रक्रिया करत नाही, त्याचे कारण आपल्यातही एक जनरल कटलर असतो. पेडलर आणि डेव्हिस यांनी ही दोन टोके एकाच छताखाली आणली, हे मला या कथेचे मोठे यश वाटते. मुलांच्या करमणुकीसाठी लिहिलेल्या कथेत एवढा विवेक असावा, याचे कौतुक वाटते.

या दोन टोकांच्या मधली वाट आपल्या पूर्वसूरींना ठाऊक होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्याची वृत्ती चतुर्विध सांगितली आहे : सर्वांविषयी मैत्री, पीडितांविषयी कारुण्य, साध्य रोगाविषयी प्रीती म्हणजे आस्था आणि ज्यांचा अंत अटळ आहे त्यांच्याबाबत उपेक्षा. ही उपेक्षा आजच्या बोलीतली हेळसांड नव्हे. जे टळणार नाही त्याच्याकडे अविचल मनाने पाहण्याची ती क्षमता आहे. विल्यम ऑस्लर यांनी १८८९ साली फिलाडेल्फियातील विद्यार्थ्यांना निरोप देताना ज्या समचित्ततेचा पुरस्कार केला, तीही याच जातीची. परंतु चरकाने दिलेला क्रम ध्यानात घ्यावा. मैत्री पहिली, कारुण्य दुसरे, उपेक्षा चौथी. पहिल्या तीन पायऱ्या चढून आलेल्यालाच चौथीचा अधिकार आहे. मी त्या तीन पायऱ्या गाळून थेट चौथीवर जाऊन उभा राहिलो आणि तिला समचित्तता असे नाव दिले. सायबरमॅननेही तेच केले. दुःखात स्थिर राहणे आणि दुःख न जाणवणे या बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गोष्टी आहेत. आवाज दोघांचाही शांत असतो. फरक एवढाच की, पहिला पुढच्या दाराने येतो.

कोणी म्हणेल की, वाईट निष्पत्तीनंतर रुग्णाच्या घरी जाणे आजच्या काळात धोक्याचे आहे. त्याचा अर्थ चुकीची कबुली असा लावला जाईल आणि प्रकरण ग्राहक मंचापर्यंत जाईल. ही भीती निराधार नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हापासून आपले बोलणे मोजूनमापून होऊ लागले, हे आपण सर्व जाणतो. पण माझा प्रसंग १९९४ चा आहे. तो निकाल यायचा होता. म्हणून ती सबब मला घेता येत नाही. मी कायद्याला घाबरून मागच्या दाराने गेलो नाही. समोरच्या दुःखाशी कसे वागावे हे मला कोणी शिकवले नव्हते आणि मी शिकूनही घेतले नव्हते, म्हणून गेलो. शिवाय एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, न बोलणाऱ्या डॉक्टरविषयी लोकांच्या मनात जी अढी बसते, तशी येऊन शेजारी बसणाऱ्या डॉक्टरविषयी क्वचितच बसते.

आणखी एक गोष्ट नव्या पिढीने विचारात घ्यावी. दृष्टिपटलाचे छायाचित्र पाहून मधुमेहाची बाधा ओळखणारी संगणकप्रणाली आज उपलब्ध आहे. उद्या शस्त्रक्रियेतला धोका किती, हेही यंत्र आपल्यापेक्षा अचूक सांगेल. हजारांत एक नव्हे, तर या रुग्णापुरता नेमका आकडा सांगेल. ते सांगणे यंत्राकडे जाईल आणि जावेही, मला त्याचे वैषम्य नाही. पण मग डॉक्टरपाशी उरेल काय? तो आकडा ऐकून सुन्न झालेल्या माणसाजवळ बसणे, एवढेच उरेल. जे काम आपण वेळ नाही म्हणून टाळत आलो, तेच अखेरीस आपले म्हणून शिल्लक राहणार आहे.

आपल्या मंडळात वर्षभर व्याख्याने होतात, नवी तंत्रे, नवी औषधे यांची चर्चा होते. माझी एक नम्र सूचना आहे. वर्षातून एक बैठक अशी व्हावी की, जिच्यात प्रत्येक ज्येष्ठाने आपला एक फसलेला रुग्ण सांगावा. तंत्रात काय चुकले हे सांगण्यासाठी नव्हे, तर त्यानंतर आपण त्या घराशी कसे वागलो हे सांगण्यासाठी. नावे नकोत, न्यायनिवाडा नको. तरुणांनी फक्त ऐकावे. आमच्या पिढीला असे ऐकायला मिळाले असते, तर मागच्या दाराचा वापर काहीसा कमी झाला असता.

शेवटी कथेच्या शेवटाविषयी. मोंडास पृथ्वीची शक्ती शोषता शोषता स्वतःच फुटून जातो आणि सायबरमॅन कोसळतात. मालिकेचा नायकही थकलेला आहे. ती भूमिका करणारे विल्यम हार्टनेल खरोखरीच आजारी होते. तिसऱ्या भागात तर त्यांना कामही करता आले नाही. चौथ्या भागाच्या अखेरीस तो वृद्ध नायक खाली पडतो, त्याचा चेहरा प्रकाशात विरघळतो आणि त्या जागी दुसराच, तरुण चेहरा दिसू लागतो. मालिकेतले हे पहिले रूपांतर. त्याच युक्तीवर ती पुढे दशकानुदशके चालली. बीबीसीत त्या काळी जुन्या फिती पुसून टाकण्याची रीत होती. त्यात हा चौथा भाग नाहीसा झाला. रूपांतराचा तेवढा तुकडा उरला आहे. २०१३ साली हरवलेला भाग ध्वनिमुद्रणाच्या आधारे चित्रांतून पुन्हा उभा केला गेला, तोच नातवाने मला दाखवला.

म्हणजे एकाच कथेत दोन प्रकारचे बदल आहेत. सायबरमॅनने मरण टाळण्यासाठी एकेक अवयव बदलला आणि अखेर तो स्वतः उरला नाही. नायकाचे सारे शरीर बदलले, पण इतरांसाठी जीव तुटण्याचा त्याचा स्वभाव तेवढा राहिला, म्हणून तो तोच राहिला. माणूसपण कोठे असते, याचे किट पेडलर या नेत्रसंशोधकाच्या कथेने दिलेले उत्तर मला पटते.

नातू परत गेला, त्याच्या आदल्या दिवशी मी त्याला घेऊन रामबागेत गेलो. काकू आता नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी केली, भिंगे उत्तम बसली आहेत. त्यांनी मला दारातूनच ओळखले. आम्ही तासभर बसलो. मी त्यांना तीस वर्षे उशिरा म्हणालो की, माझे तेव्हा चुकले, मी यायला हवे होते. त्या म्हणाल्या, “आलात ना आता.” मग नातवाच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

परतताना नातवाने विचारले, “आजोबा, त्या आजी कोण?” मी त्याला सर्व सांगितले. तो बराच वेळ गप्प चालत होता. मग म्हणाला, “मग तुम्ही सायबरमॅन नाही. ते सॉरी म्हणत नाहीत.”